डाव्या अंगाचा बैल

पहाटे साडेतीनला जिवल्याचा दिवस सुरू व्हायचा. मासवणजवळच्या त्याच्या पाड्यावर तेव्हा एकाही झोपडीत घड्याळ नव्हतं. चांद्या बैल उठून खुंट्यावर शिंग घासायचा, त्या आवाजाला जिवल्याचे डोळे उघडायचे. पालघरच्या वखारीत घड्याळ होतं. एकदा त्याने तिथे पोचल्याची वेळ पाहून मागे मोजत नेली होती, तर बरोबर साडेतीन निघाले.

चौऱ्याऐंशी साल असेल. दिवाळी झाली की मनोरकडच्या माळावरचं गवत कापायला सुरुवात व्हायची. सुकलेलं गवत दाबून, तारेने आवळून त्याच्या गासड्या बांधायच्या. एक गासडी दोन मणांची. गाडीत अशा दहा. संध्याकाळी गाडी भरून ठेवायची, चारला जुंपायची, ऊन तापायच्या आत वाघोबाचा घाट चढून उतरायचा आणि साडेनऊच्या सुमारास स्टेशनाजवळच्या वखारीत माल उतरवायचा. तिथून गवत रेल्वेने मुंबईच्या म्हशींच्या गोठ्यांकडे जाई. रिकामी गाडी दुपारी तीन-चारपर्यंत पाड्यावर परत, आणि पुन्हा भरणी. होळीला एक दिवस सुट्टी.

गाडी वखारीचे मालक भगवंतशेठ यांची. बैलही त्यांचेच. जिवल्याचे स्वतःचे म्हणजे दोन हात आणि त्या जोडीमागे चालून काढलेले नऊ हंगाम.

जोडीत डावीकडे चांद्या, उजवीकडे खैऱ्या. बैल ज्या अंगाला शिकतो त्याच अंगाला जन्मभर चालतो. बदलला तर दोघांचाही पाय अडखळतो. खैऱ्या चढाला जोर लावायचा. चांद्या उताराला मान ताठ करून सगळा भार मागे रेटून धरायचा. वाघोबाच्या उतारावर मागून येणाऱ्या दहा गासड्या अंगावर न घेता गाडी खाली आणणं हे काम चढाहून अवघड आहे, आणि ते चांद्या करत होता. जू उतरवलं की खैऱ्या मान खाली घालून उभा राहायचा आणि चांद्या त्याचा डावा कान चाटायचा. रोज. जिवल्या तोवर चाकाला वंगण घालत असे. त्याने ते हजार वेळा पाहिलं असेल, पण कुणाशी बोलला नव्हता. पाणी प्यायल्यावर बैल जिभेने नाक पुसतो, तसंच ते त्याला वाटे.

माघात खैऱ्याचं खाणं उतरलं. चार दिवस तो अर्धी पेंडी टाकून देत होता. जिवल्याने गूळ-हळद चारली, पोट चोळलं. खैऱ्या ओढत होता, म्हणून गाडी चालू राहिली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, जिवल्याला जाग आली ती उशिरा. खुंट्यावर शिंग घासल्याचा आवाज आलाच नव्हता.

तो कंदील घेऊन बाहेर आला. खैऱ्या आडवा पडलेला, चारी पाय ताठ. चांद्या त्याच्याकडे तोंड करून उभा. दावं जेवढं पुरेल तेवढा पुढे सरकलेला, इतका की दाव्याने त्याच्या मानेची कातडी मागे ओढली गेली होती.

इतक्यात मागच्या पाड्यावरचा गोमा आपली भरलेली गाडी घेऊन आला. गोमाही त्याच वखारीचा गाडीवान. त्याने गाडीवरूनच वाकून पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"शेठला सांगतो. दुपारी वखारीतला एखादा बैल घेऊन येतो. पण जिवल्या, ह्याला पयला हलव. ऊन चढला का फुगंल. खाली विहीर हाय."

विहीर खालीच होती, साठ पावलांवर. पाड्याचं सगळं पाणी तिचं. मेलेलं ढोर ओढ्यापलीकडच्या कातळावर नेऊन टाकायची रीत होती. बाकीचं काम गिधाडं करत. पाड्यापासून कातळ चारशे पावलं. एरवी आठ गडी बांबूला बांधून बैल उचलून नेत. पण दिवाळीनंतर पाड्यावरचे गडी बायकापोरांसकट वीटभट्टीवर गेलेले. उरलेल्या झोपड्यांत दोन म्हाताऱ्या, एक आंधळा म्हातारा आणि जिवल्याची बायको ठमी.

"तुझ्या बैलांनी ओढून देशील?" जिवल्याने विचारलं.

"माल भरलाय रे. हितं सोडला तर घाटात ऊन लागंल. माझीच जोडी मरंल." गोमाने कासरा झटकला. "तुझा चांद्या हाय की. नेईल."

गाडी गेली. जिवल्याने बांबू तोडून आणले. चार बांबूंची ताटी बांधली. पहारीने तरफ देऊन तो आणि ठमी, दोघांनी मिळून खैऱ्याला ताटीवर लोटलं. त्यातच उजाडलं. साखळीने ताटी बांधून झाल्यावर जिवल्या जू घेऊन चांद्याकडे वळला, तशी ठमी आडवी आली.

"नको. ह्याला नको लावू."

"मंग कुणाला लावू? तुला?"

"त्याच्या भावाला त्यानंच ओढून नेयाचा? असा कुणी केलाय?"

"ढोर हाय ते, ठमे. त्याला भाऊ नाय का बहीण नाय. पाणी नासला तर तू पिशील?"

ठमी बाजूला झाली. तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता, आणि नुसतं नको म्हणून बैल हलत नाही हे तिलाही कळत होतं.

जू दोघांचं असतं. एका टोकाला बैल आणि दुसरं टोक मोकळं, असं ठेवलं तर ते फिरतं, गळा कापतं. जिवल्याने डाव्या टोकाला चांद्याला जुंपलं, मानेखालची जुपणी बांधली, आणि उजवं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. खैऱ्याच्या जागी तो उभा राहिला.

"हे, चल."

चांद्या चालला. ना चाबूक लागला, ना शेपटीला हात. वीस पावलं ओढायची, थांबायचं. पुन्हा वीस पावलं. दवाने गवत ओलं होतं म्हणून ताटी सरकत होती. ओढ्याच्या दगडांत ती अडली तेव्हा जिवल्याचा खांदा सोलला. नऊ हंगाम तो या जुवाच्या मागे राहिला होता, जुवाखाली आज पहिल्यांदा आला. जुवाखाली गेलं की शेजारचा किती ओढतो ते लपत नाही. लाकूडच सांगतं. जिवल्याच्या खांद्यावर फारसा भार येतच नव्हता. चांद्या आपला वाटा ओढून त्याचाही ओढत होता. थांबलं की चांद्या मान वळवून मागे पाहायचा. जिवल्या म्हणायचा, "पुढं बघ." आणि तो पुढे बघायचा.

कातळावर साखळी सोडली. शेवरीच्या झाडावर गिधाडं आधीच येऊन बसली होती, नऊ-दहा. जिवल्याने जू उतरवलं. चांद्या वळला, ताटीकडे गेला आणि खैऱ्याचा डावा कान चाटू लागला. एकदा, दोनदा. मग थांबून त्याने खैऱ्याच्या मानेखाली नाक घातलं आणि वर उचललं. मान उचलली गेली आणि धपकन पडली. त्याने पुन्हा उचलली.

जिवल्याने कासरा ओढला. गाडी भरलेली उभी होती, दुपारी गोमा बैल घेऊन येणार होता. चांद्या हलला नाही. तेव्हा जिवल्याने साखळीचं टोक त्याच्या पाठीवर हाणलं. नऊ हंगामात चांद्याला साखळीचा मार पहिल्यांदा बसला. तो निमूट मागे आला. मागे गिधाडांचे पंख फडफडले. चांद्याने मागे पाहिलं नाही. जिवल्याने पाहिलं.

दुपारी गोमा एक तांबडा बैल घेऊन आला. उजव्या अंगाला चालणारा, तरणा, कामाचा. चांद्याने सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं. जिवल्याने तांबड्याला जुंपलं, मग चांद्याच्या मानेवर जू ठेवलं. लाकूड मानेला लागलं मात्र, चांद्याने पुढचे गुडघे टेकले आणि बसला. बसल्या बसल्या अंग टाकून आडवा झाला. जू वाकडं झालं, तांबडा बिथरला, गाडीची एक गासडी खाली आली.

"अरे! बसका झाला काय हा?" गोमा ओरडला.

जुवाखाली बसणारा बैल म्हणजे बसका. गाडीवानांत याहून वाईट शिवी नाही. लंगडा चालतो, म्हातारा चालतो, बसका चालत नाही. बसक्याला एकच गिऱ्हाईक असतं.

दुसऱ्या दिवशी भगवंतशेठचा निरोप आला. रेल्वेचा डबा मिळाला होता, गासड्या कमी पडत होत्या. बैल शुक्रवारपर्यंत उभा राहिला तर ठीक. नाहीतर शनिवारी बाजार आहे, कापणारा व्यापारी घेऊन आपण स्वतः पाड्यावर येऊ.

हातात तीन दिवस होते.

त्याच बुधवारी संध्याकाळी गोमा रिकामी गाडी घेऊन पाड्यावर थांबला. त्याने चांद्याला पुन्हा जुंपायला लावलं. चांद्या पुन्हा बसला.

"शेपटी मुरगाळ."

जिवल्याने मुरगाळली. चांद्याने श्वास सोडला, एवढंच.

"अशानं नाय उठायचा. मूठभर गवत आन. खाली पेटवला का देव बी उठतो."

"जाळायचा?"

"जाळायचा नाय, चटका देयाचा. शनिवारी सुरी फिरंल त्यापेक्षा चटका बरा नाय काय? तुला बैल पायजे का दया पायजे?"

गोमाने वाळकं गवत चांद्याच्या मागल्या मांडीखाली सारलं आणि काडी ओढली. गवत भकन पेटलं. केस जळाल्याचा वास आला. कुठलाही बैल या ठिकाणी उडी मारून उठतो. गोमाने तीन उठवले होते. चांद्याची कातडी थरथरली. मांडी आखडली. डोळे उघडेच होते आणि तो कातळाच्या दिशेने बघत होता. उठला नाही.

जिवल्याने अनवाणी पायाने गवत विस्कटलं, हातांनी मांडी चोळून विस्तव विझवला. तळहाताला फोड आले.

"जा गोमा. घरी जा."

"मी तुझ्याच भल्याला—"

"जा बोललो ना."

गोमा गेला. जाताना त्याने गाडीवरून सांगितलं, "हा लबाड हाय, जिवल्या. ह्याला कळलाय, बसला का काम चुकतो. तुझ्यापेक्षा तो हुशार हाय."

हे वाक्य जिवल्याला चटक्यापेक्षा जास्त लागलं. बैल दुखावलेला असेल तर वेगळं. पण कामचुकार असेल तर? कामचुकार माणूस जिवल्याला सोसत नसे, बैल कसा सोसेल? भरणीच्या वेळी हलकी बाजू धरणारा, चढाला गाडीमागे हात लावल्यासारखं करणारा, असे त्याने पुष्कळ पाहिले होते. ते ओळखायला त्याला एक नजर पुरायची. चांद्याकडे मात्र तो घटकाभर बघत राहिला, आणि ओळखता आलं नाही.

गुरुवारी मनोरहून ढोरांचा डॉक्टर सायकलवर आला. त्याने ताप पाहिला, जीभ ओढून पाहिली, बरगड्यांमागे मूठ दाबून पाहिली.

"तो दुसरा मेला तो तारेने मेला असणार. गवतातून तार पोटात गेली की चार-पाच दिवसांत असंच होतं. याच्या पोटात तार नाही. दाबलं तर कण्हत नाही."

"मंग खात का नाय?"

"ते मला सांगता येत नाही."

"सायेब, ढोराला माणसासारखा दुख होतो काय?"

डॉक्टरने हात धुतले. पाणी ठमी ओतत होती. "माणसाला काय होतं ते माणूस बोलून दाखवतो. हा बोलत नाही. मी औषध देतो भुकेचं. पण तीन दिवस झालेत. आणखी तीन दिवस नाही खाल्लं तर पोट बंद पडेल. मग शेठ आणि व्यापारी दोघांचंही काम उरणार नाही."

भुकेचं औषध बांबूच्या नळीतून पाजलं. अर्धं बाहेर आलं.

त्या संध्याकाळी ठमी एवढंच बोलली, "तू त्याला साखळीनं मारलास. मी वरून बगितला."

शुक्रवारी उजाडताच जिवल्याने जू उचललं. तांबड्या बैलाला हात लावला नाही. चांद्या खुंट्याशी बसलेला होता. हाडं वर आली होती, मांडीवरची कातडी सोललेली. जिवल्या त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. जुवाचं एक टोक आधी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सोललेल्या जागीच आलं. मग दुसरं टोक चांद्याच्या मानेवर हळूच टेकवलं.

ठमी दारात उभी होती. आज शुक्रवार होता. हा उठला नाही तर उद्या व्यापाऱ्याचा टेम्पो.

चांद्या बसून राहिला. जिवल्याही बसून राहिला. बराच वेळ गेला. पाय बधिर झाले. मग जुवाखाली हालचाल झाली. आधी मागचे पाय, मग पुढचे. चांद्या उभा राहिला. त्याच्याबरोबर जिवल्याला उठावं लागलं.

"उठला!" ठमी ओरडली. "उठला रे!"

जिवल्याच्या मनात आलं, आता याला गाडीकडे फिरवावं. गाडी तिथेच होती, भरलेली. त्याने खांदा उजवीकडे दाबला. पण चांद्याने चालायला सुरुवात केली होती, आणि बैल चालू लागला की जुवाखालचा माणूस त्याला अडवू शकत नाही. तीन दिवस न खाल्लेला बैल असला तरी नाही. तो ओढ्याकडे निघाला. दगडांतून गेला. जिवल्या त्याच्याबरोबर ओढला जात होता. चारशे पावलं. वाटेत एकदाही थांबला नाही.

कातळावर हाडं होती, शिंगं होती, कातड्याचा एक तुकडा. गिधाडं निघून गेली होती. चांद्या हाडांपाशी थांबला. त्याने वास घेतला. कान कुठे होता ते आता कळण्यासारखं नव्हतं. तरी डोक्याच्या डाव्या अंगाला त्याने नाक लावलं आणि तसाच उभा राहिला. त्याचा श्वास जुवाच्या लाकडातून जिवल्याच्या मानेला कळत होता. श्वास भराभर चालत होता, घाट चढताना चालतो तसा.

जिवल्याने या वेळी कासरा ओढला नाही. ऊन कपाळावर आलं तरी दोघं उभे होते. जुवाखाली उभं राहणं हेही काम आहे. खांदा दुखतो, पाय भरून येतात. जिवल्याने ते काम पुरं केलं. मग चांद्या स्वतःच वळला आणि दोघं परत आले. जू काढल्यावर चांद्या बसला. वैरण तशीच राहिली.

"खाल्ला नाय," ठमी म्हणाली.

"नाय खाल्ला. पण लबाड नाय." जिवल्या खांद्यावरचं रक्त पुसत होता. "लबाड असता तर माज्याबरोबर उठला नसता."

"हे शेठला सांगशील?"

"शेठ कदी जुवाखाली गेला नाय. त्याला काय सांगू?"

शनिवारी आठला टेम्पो पाड्याखाली उभा राहिला. भगवंतशेठ आणि व्यापारी चढून वर आले. शेठ वाईट माणूस नव्हता. गाडीवानांना दिवाळीला धोतर द्यायचा, उशीर झाला तर चहा पाजायचा. पण बैल हा त्याला चाकासारखा होता. मोडला की बदलायचा.

व्यापाऱ्याने चांद्याच्या मांड्या दाबून पाहिल्या. "मांस उतरलंय शेठ. आणि हे काय, जाळलंय का? चामडं पण गेलं."

"जे देशील ते दे. उभं करून ठेवून मला काय मिळणार?" शेठ जिवल्याकडे वळला. "सोड रे दावं."

दावं जिवल्याच्या हातात होतं. त्याने ते मनगटाला एक वेढा घेतला.

"शेठ, हा बैल मला द्या."

"तुला? तू काय करणार? जुंपणार?"

"नाय. जुंपणार नाय."

"मग?"

"हंगाम संपस्तवर मी वखारीत गासड्या उचलतो. डब्यात भरतो. मजुरी नको."

शेठ हसला, मग थांबला. "चार महिने फुकट? ह्या मढ्यासाठी? अरे, उद्या मेला तर?"

"मेला तरी उचलतो."

व्यापारी म्हणाला, "याला ऊन लागलंय काय?"

"जिवल्या," शेठ म्हणाला, "तू शहाणा गाडीवान आहेस. मी तुला दुसरी जोडी देतो. सोमवारी ये. बैल गेला म्हणून माणसाने वेडं व्हायचं नसतं."

"मीच त्याला तो मेलेला ओढाया लावला, शेठ. साखळीनं मारला. तो ओढला. माजा वाटा बी ओढला. आता तो बसला तर मी त्याला सुरीकडं कसा देऊ?"

शेठला हे नीट समजलं नाही. त्याने ठमीकडे पाहिलं. "बाई, तू तरी सांग. चार महिने तुम्ही खाणार काय?"

ठमी आतापर्यंत खाली बघत होती. सगळ्यांना वाटलं, ती नवऱ्याला आवरेल. तिची मान वर आली. "चार नाय, दोन. मी बी येते. वखारीत सुटा गवत बी येतो, तो दाबाच्या यंत्रात भरते, तार ओढते. दोघांनी केला का दोन महिन्यांत फिटंल."

"ठमे—" जिवल्या म्हणाला.

"गप. जू दोघांचा असतो, तूच बोलतोस ना."

व्यापारी देईल तो भाव दोघांच्या दोन महिन्यांच्या मजुरीपेक्षा कमीच असणार, हे शेठला बोटं न मोजता कळलं. "बरं, ठेव," म्हणून तो उतरून गेला. टेम्पो रिकामा गेला.

चांद्याने त्या दिवशी खाल्लं नाही. रविवारी खाल्लं नाही. डॉक्टरने सांगितलेले तीन दिवस संपत आले होते आणि सोमवारी पहाटे दोघांना पालघरला पायी निघायचं होतं, मेलेल्या बैलासाठी का जिवंत बैलासाठी ते ठरायचं होतं. ठमीने तांदळाची पेज करून घमेल्यात त्याच्यासमोर ठेवली आणि स्वतःचा हात पेजेत बुडवून त्याच्या नाकाला लावला. त्याने नाक झटकलं. पुन्हा लावला. पाचव्या की सहाव्या वेळी जीभ बाहेर आली आणि त्याने तिचा हात चाटला. मग घमेल्यातली पेज, तीही निम्मी. दोघं पालघरला निघाले तेव्हा एक म्हातारी चांद्यापाशी बसवून गेले.

वखारीत जिवल्याने दोन महिने गासड्या उचलल्या. दोन मण पाठीवर, लाकडी फळीवरून डब्यात, दिवसाला शंभर-सव्वाशे. ठमीने दाबात गवत भरलं. तारेने तिची बोटं फाटली. बाकीचे हमाल पहिले काही दिवस हसले. "बैलाच्या बदल्यात बैल आला" म्हणाले. पण जिवल्या एकही गासडी हलकी बघून उचलत नाही हे दिसल्यावर त्यांचं हसणं कमी झालं.

चांद्या जगला. पण पुन्हा कधी जुवाखाली गेला नाही. जिवल्यानेही पुन्हा त्याच्या मानेला लाकूड लावलं नाही, त्यामुळे तो गेला असता की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. गोमा त्याला "पेन्शनवाला" म्हणायचा. येता-जाता गाडीवरून हाळी द्यायचा, "काय पेन्शनवाले, आज हापिस नाय?" चांद्या रवंथ करत बघत राहायचा. रोज सकाळी एकदा ओढ्यापलीकडे जाऊन कातळावर उभा राहायचा आणि परत यायचा. पावसाळ्यात तिथली हाडं वाहून गेली. तरी जात होता. पुढल्या वर्षी जाणं कमी झालं, मग थांबलं.

शेठने जिवल्याला दुसरी जोडी दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही. पंच्याऐंशीत तो बोईसरला एका कारखान्याच्या गोदामात लागला. पन्नास किलोच्या गोण्या, आठ तास. तिथल्या मुकादमाला कुणीतरी गोष्ट सांगितली होती. तो हाक मारायचा, "ए बैलवाले, इधर आ." एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "सच बता, वो बैल दुखी था या कामचोर था?"

जिवल्याने भाकरीचा घास गिळला. "तुमी त्याच्या बाजूला जुवाखाली गेलते काय?"

"मैं? मैं क्यों जाऊँ?"

"मी गेलतो," जिवल्या म्हणाला, आणि जेवत राहिला.

गोण्यांनी त्याचा उजवा खांदा हळूहळू कामातून गेला. हात डोक्याच्या वर जाईना. तो डाव्या खांद्यावर घेऊ लागला. तरी पगार बुडू दिला नाही.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात चांद्या म्हातारपणाने मेला. दुपारी पाड्यामागे, विहिरीपासून लांब झाडाखाली बसला तो उठला नाही. पाड्यावर या वेळी गडी होते. भट्ट्या संपून माणसं परत आली होती. आठजण बांबू घेऊन आले. कुणीतरी म्हणालं, गोमाची जोडी आणा, ओढत नेऊ, लवकर होईल.

"ओढायचा नाय," जिवल्या म्हणाला. "उचलायचा बी नाय. हितंच पुरायचा."

मे महिन्यातला मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. जिवल्याने दहा-बारा घाव घातले आणि खांद्याने नकार दिला. तेव्हा त्याने दोन तरणे गडी रोजाने लावले. खड्डा आठ हात लांब, पाच हात रुंद, छातीएवढा खोल, बैलाच्या अगदी पाठीला लागून, की तरफ देताच तो आत उतरावा आणि कुठल्याही जनावराला त्याच्यासाठी एक पाऊलही ओढावं लागू नये. खड्ड्याला दीड दिवस लागला. दोन्ही दिवस जिवल्या कडेला बसून होता आणि कड सरळ आली नाही तिथे पुन्हा खणायला लावत होता.

त्या महिन्याच्या बोईसरच्या पगारातून दोन गड्यांचा रोज आणि पुरताना चांद्याच्या अंगावर टाकायला खाजणातल्या मिठागराचं एक गोण मीठ आलं.